मांडवचं उत्तर उशिरा का येतं?

वेलकट्ट्यावर एक मुलगी होती आणि तिचं प्रत्येक उत्तर भलत्याच ठिकाणी येऊन पडायचं.

वेलकट्टा हा काही पारावरचा दगडी कट्टा नव्हता. तो इंटरनेटवरचा. गच्चीत, परसात, नाहीतर खिडकीच्या जाळीवर भोपळा, दोडका, कारलं असे वेल चढवणारी मुलं तिथे जमायची आणि आपापल्या वेलाची सुखदुःखं एकमेकांना लिहून कळवायची. मुलांचा कट्टा असल्यामुळे खरं नाव, गाव, शाळा यांतलं काहीच सांगायचं नाही असा नियम होता. प्रत्येकाने एक टोपणनाव घ्यायचं आणि त्याच नावाने वावरायचं.

अंबाजोगाईची बारा वर्षांची शाल्मली तिथे ‘वेलवाली’ होती. त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर, हवेतला ओलावा धरून पाणी जमवणाऱ्या जाळीखाली, एका फुटक्या पिंपात तिने लाल भोपळा लावला होता. त्याला त्या वर्षी चांगली फळं धरली. मग कट्टा चालवणाऱ्या मोठ्या माणसांनी तिला भोपळ्याच्या चर्चेची ‘कट्टेकरीण’ (चर्चा विषयाला धरून चालली आहे ना, हे पाहणारी) केलं. शाल्मली ते काम मनापासून करायची. भोपळ्याच्या चर्चेत कुणी क्रिकेट काढलं की ती त्याला गप्पांच्या कोपऱ्यात पाठवायची. त्यामुळे नव्याने आलेल्या मुलाला हवं ते चटकन सापडायचं, हे खरं होतं. पण हळूहळू तिच्या लिहिण्यात जरब आली होती, आणि आपल्याला मुलं थोडी घाबरतात हे तिला आवडूही लागलं होतं.

दिवाळीची सुट्टी लागायच्या सुमारास ‘मांडव’ नावाची मुलगी कट्ट्यावर आली. तिच्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसे, पण तेवढं चालण्यासारखं होतं. खरी गंमत वेगळीच होती. एके दिवशी ‘माळीबुवा’ नावाच्या मुलाने विचारलं की वेलाला पाणी कसं घालता. त्यावर सगळे बोलले, विषय संपला. मग ‘दोडकेराव’ नावाच्या मुलाने विचारलं, तुमच्याकडे भोपळ्याचे घारगे कसे खातात. तेवढ्यात मांडवचं उत्तर आलं, “रोज दोनदा, थेंब थेंब.”

थेंब थेंब घारगे कसे खायचे, म्हणून सगळा कट्टा हसून लोटपोट झाला. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. इकडे खताबद्दल बोलणं चाललेलं असायचं आणि मांडव मघाशी संपलेल्या किडीच्या चर्चेत काहीतरी टाकायची. शाल्मलीला वाटलं, ही मुद्दाम करते. आपली चर्चा उधळायला आली आहे.

कट्ट्यावर कुणाची तक्रार करायची तर पुरावा द्यावा लागे. शाल्मलीने एक वही केली. मांडव रोज किती वाजता येते, कुठल्या प्रश्नाला किती मिनिटांनी उत्तर देते, सगळं ती मिनिटासकट लिहून ठेवू लागली.

शनिवारी मांडवने स्वतःचा प्रश्न विचारला. तिच्या भोपळ्याला फुलं येत होती, पण फळ धरत नव्हतं. फुलाखाली बोराएवढी गाठ दिसायची, ती दोन-तीन दिवसांत पिवळी पडून गळून जायची. असं का होतं? प्रश्नाच्या शेवटी तिने लिहिलं होतं, “इथे मधमाशी नाही. वारा पण नाही.”

मधमाशीही नाही आणि वाराही नाही असं कुठलं गाव असतं, म्हणून दोडकेरावाने विचारलं. कुणी म्हणालं, ही डब्यात राहते. कुणी म्हणालं, फ्रीजमध्ये. मांडवकडून काहीच उत्तर येईना. शाल्मलीने तिला सरळ विचारलं की तू राहतेस कुठे ते नको सांगूस, पण खरं बोलतेस का एवढं सांग. तरी उत्तर नाही. दोनच मिनिटं वाट पाहून शाल्मलीचा पारा चढला आणि पाच वाजून पस्तीस मिनिटांनी तिने सगळ्यांसमोर लिहिलं, “मांडव, तुला चर्चा कळत नसेल तर आधी वाचायला शीक. आणि मधमाशी नसलेलं गाव फक्त थापाड्यांच्या नकाशात असतं. आमचा वेळ घालवू नकोस.”

कट्ट्यावर ‘राखणदार’ नावाचा एक प्रोग्राम होता. कुणी शिवी लिहिली तर तो ती अडवायचा. शाल्मलीच्या वाक्यात एकही शिवी नव्हती, म्हणून राखणदाराने ते जाऊ दिलं. त्याखाली लगोलग बारा जणांनी हसरे चेहरे लावले. शाल्मलीला आधी बरं वाटलं.

चार मिनिटांनी मांडवचा निरोप आला.

“वेलवालीताई, तुम्ही सांगितलेलं शेवाळाचं खत करून पाहिलं. पानं परत हिरवी झाली. मी आईला पण सांगितलं की वेलवालीताईंमुळे झाली.”

शाल्मली ते वाचून गोंधळली. एवढं बोलल्यावर ही आपले आभार मानते? हिने वाचलं नाही की हिला काही वाटतच नाही? ती पुढच्या निरोपाची वाट पाहत बसली. मांडवकडून त्या दिवशी पुढे काहीच आलं नाही.

रविवारी सकाळी शाल्मली वही घेऊन नलूआजीकडे गेली. नलूआजी म्हणजे तिच्या आईची मावशी. त्यांच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायची. लांब अंतराळात गेलेल्या यानांशी बोलणाऱ्या एका मोठ्या अँटेनावर तिने तीस वर्षं काम केलं होतं. तक्रार नीट मांडलेली आहे का, एवढंच शाल्मलीला तिच्याकडून पाहून घ्यायचं होतं. रात्रभर मनात काहीतरी टोचत होतं, ते मात्र ती बोलली नाही.

नलूआजीने चष्मा लावला, वही वाचली, आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. मग तिने विचारलं की ही मुलगी सोमवारी कितीला आली होती.

“दोन दहाला.”

“आणि मंगळवारी?”

“दोन पन्नासला. बुधवारी साडेतीनला. गुरुवारी चार दहा.”

नलूआजीने तिच्या हातात पेन्सिल दिली आणि वजाबाकी करायला सांगितली. शाल्मलीने केली. चाळीस मिनिटं. पुढचीही चाळीस. त्याच्या पुढचीही. मांडव रोज आदल्या दिवसापेक्षा चाळीस मिनिटं उशिरा येत होती, आणि एवढं सगळं स्वतःच्या हाताने लिहूनही शाल्मलीच्या ते लक्षात आलं नव्हतं. मग नलूआजीने दुसरा रकाना दाखवला. मांडवने प्रश्नांची उत्तरं किती मिनिटांनी दिली? सव्वीस, एकतीस, पंचवीस, चोवीस, अठ्ठावीस. कधी कमी, कधी जास्त, पण चोवीसच्या खाली एकदाही नाही.

“खोडी काढणारं मूल इतकं नेमाने वागत नाही गं,” नलूआजी म्हणाली. “चल, गच्चीवर जाऊ.”

गच्चीवर कपडे वाळत घालायची एक लांब दोरी होती, दोन टोकांना कप्प्या लावलेली. दोरी ओढली की चिमट्याला लावलेली वस्तू सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायची. नलूआजी एका टोकाला बसली, शाल्मली दुसऱ्या टोकाला. बोलायचं नाही, फक्त चिठ्ठ्या पाठवायच्या, आणि दोरी सगळा वेळ एकाच संथ गतीने फिरवायची असं ठरलं. शाल्मलीने लिहिलं, नाश्त्याला काय केलं होतं? चिठ्ठी निघाली. ती पोहोचेपर्यंत कंटाळून तिने दुसरी लावली, पायाला काय लागलंय? मग तिसरी, तुला कुठला पक्षी आवडतो? तेव्हा कुठे नलूआजीकडून पहिली चिठ्ठी आली. तिच्यावर लिहिलं होतं, “थालीपीठ.”

शाल्मलीने ती हातात धरली. नुकताच विचारलेला प्रश्न पक्ष्याचा होता आणि उत्तर आलं होतं थालीपीठ. तिला हसू आलं, आणि ते अर्ध्यातच थांबलं.

“थेंब थेंब,” ती हळूच म्हणाली. “तिने पाण्याचंच उत्तर दिलं होतं. आमचा पुढचा प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता.”

नलूआजीने दोरी थांबवली आणि तिला समजावून सांगितलं. आपले निरोप रेडिओलहरींवरून (डोळ्यांना न दिसणाऱ्या, पण प्रकाशाच्याच वेगाने जाणाऱ्या लहरींवरून) जातात. त्यांचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. इथून दिल्लीला किंवा अमेरिकेला निरोप पाठवला तर डोळ्याचं पातं लवायच्या आत पोहोचतो, म्हणून आपल्याला वाटतं की त्याला वेळ लागतच नाही. लागतो. चंद्रावर पोहोचायला सव्वा सेकंद लागतो. मांडवचं उत्तर चोवीस मिनिटांच्या आत कधीच येत नाही, म्हणजे जायला बारा मिनिटं आणि यायला बारा. बारा मिनिटांचे सेकंद सातशेवीस. त्याला तीन लाखांनी गुणायचं.

शाल्मलीने गच्चीच्या फरशीवर खडूने गुणाकार केला. एकवीस कोटी साठ लाख किलोमीटर.

“आणि चाळीस मिनिटं?” तिने विचारलं, पण उत्तर तिला हळूहळू कळायला लागलं होतं. मंगळावर माणसांची वस्ती होऊन सात वर्षं झाली होती. तिथे दोनशे माणसं राहतात, काचघरात भाजी पिकवतात, हे शाळेत शिकवलं होतं. मंगळ स्वतःभोवती फिरायला पृथ्वीपेक्षा थोडा जास्त वेळ घेतो, हेही शिकवलं होतं. त्याचा दिवस चोवीस तास आणि जवळजवळ चाळीस मिनिटांचा. मांडव रोज तिच्या घड्याळात एकाच वेळी कट्ट्यावर येत होती. आपल्या घड्याळात तीच वेळ रोज चाळीस मिनिटं पुढे सरकत होती.

तिथे बंद काचघरात वारा कुठून येणार? आणि मधमाशी कुठली?

शाल्मली खाली बसली. कालचा तो आभाराचा निरोप तिला आठवला. तिने ते टोचणारं वाक्य पाच पस्तीसला लिहिलं होतं आणि आभार आले पाच एकोणचाळीसला. म्हणजे ते शब्द मांडवकडून निघाले तेव्हा शाल्मलीचं वाक्य अजून लिहूनही झालं नव्हतं. दोन्ही निरोप अंतराळात कुठेतरी एकमेकांच्या शेजारून गेले. इकडे आभार पोहोचले आणि तिकडे पाच सत्तेचाळीसला ते पोहोचलं.

“आजी, ते परत घेता येईल का?”

“पोहोचलं बाळा ते.”

“मी लगेच माफी मागितली असती तर? मिनिटभरात?”

नलूआजीने दोरीवर एक चिमटा लावला, थोडी दोरी ओढली, मग त्याच्या मागे दुसरा लावला आणि दोन्ही पुढे जाऊ दिले. मागचा चिमटा शेवटपर्यंत मागेच राहिला.

“माफीला वेगळी गाडी नसते,” ती म्हणाली. “तीही त्याच वेगाने जाते. मिनिटभर उशिरा पाठवली तर ते एक मिनिट समोरच्याजवळ फक्त आधीचा शब्द असतो. अंतर मंगळाचं असो नाहीतर शेजारच्या घराचं. म्हणून आमच्याकडे रीत होती, पाठवण्याआधी एकदा वाचायचं. समोरचा आपल्यासमोर बसून हे वाचतोय असं समजून वाचायचं.”

शाल्मलीने मनात मोजलं. काल संध्याकाळपासून सतरा तास झाले होते. सतरा तास मांडवजवळ फक्त ते एकच वाक्य होतं.

खाली येऊन ती माफी लिहायला बसली. तिचा पहिला मसुदा नलूआजीने वाचला. त्यात शेवटी होतं, ‘पण तूही आधी सांगायला हवं होतंस.’ नलूआजीने ‘पण’ या शब्दावर बोट ठेवलं. माफीत ‘पण’ आला की ती माफी राहत नाही, वाद होतो, एवढंच ती म्हणाली. शाल्मलीने विचारलं की तू मंगळावर राहतेस हे मला कळलं, असं लिहू का. नलूआजीने उलट विचारलं, “तिने सांगितलंय का कुणाला?” शाल्मलीने मान हलवली. ज्याची गोष्ट त्याने सांगायची, हे तिला न सांगता कळलं. शेवटी बारा वाजून पाच मिनिटांनी तिने लिहिलं ते असं:

“मांडव, काल ५:३५ ला मी तुला जे लिहिलं त्याबद्दल हे आहे. तू विषयाला धरूनच बोलत होतीस. मीच नीट वाचलं नाही आणि तुला थापाडी म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागते. तुझ्या फुलांचा प्रश्न मी आता पुन्हा वाचला आहे आणि उत्तर शोधते आहे. तू लगेच काही लिहिलं नाहीस तरी चालेल.”

चोवीस मिनिटं झाली. तास झाला. संध्याकाळी सहा दहा ही मांडवची वेळ, तीही गेली. शाल्मली जेवायला उठली आणि ताट घेऊन पुन्हा कट्टा उघडून बसली.

कट्ट्यावर मात्र गलबला झाला होता. दोडकेरावाने लिहिलं की यात माफी मागण्यासारखं काय आहे, गंमत तर होती. एरवी शाल्मलीने त्याला एका वाक्यात गप्प केलं असतं. या वेळी तिने लिहून पाहिलं, स्वतःच वाचलं, पुसलं आणि पुन्हा लिहिलं. तिने त्याला सांगितलं की आपण सगळेच हसलो, मीही हसले, आपल्याला गंमत वाटली कारण हसणं आपल्यावर नव्हतं. तुला दोष देत नाही. पण तिची फुलं गळताहेत आणि तिला फळ हवंय. जिथे मधमाशी नाही, वारा नाही, तिथे भोपळ्याला फळ कसं धरवायचं? दोन दिवस या चर्चेत फक्त हेच बोलू या.

पहिलं उत्तर दोडकेरावानेच दिलं. मागच्या वर्षी बाराव्या मजल्यावर मधमाशा येत नव्हत्या, तेव्हा त्याच्या बाबांनी फुलांवर कुंचला फिरवला होता म्हणे.

तिथून चर्चेला तोंड फुटलं. माळीबुवाने सांगितलं की भोपळ्याला दोन तऱ्हेची फुलं येतात. लांब बारीक देठाचं ते नर, आणि ज्याच्याखाली आधीच इवलासा भोपळा दिसतो ते मादी. नराच्या मधल्या दांड्यावर पिवळी भुकटी असते, ती परागकण. ती मादीच्या मधोमध पोहोचली तरच तो इवलासा भोपळा वाढतो, नाहीतर पिवळा पडून गळतो. हे नेऊन पोहोचवायचं काम एरवी मधमाशी करते. त्याला परागीभवन म्हणतात. तेवढ्यात ‘पानवेल’ नावाच्या मुलीने लिहिलं की कुंचला कशाला, नरफूलच तोडून, पाकळ्या काढून, मादीफुलावर हळूच टेकवायचं. माळीबुवाने तिला लिहिलं, तुला काय कळतं. शाल्मलीने दोघांनाही विचारलं की कुणी काय स्वतःच्या हाताने करून पाहिलंय आणि त्याचं काय झालं. पानवेलने दोन्ही करून पाहिलं होतं, आणि फूल टेकवून जास्त फळं धरली होती. माळीबुवाने फक्त वाचलं होतं. तसं त्याने कबूल केलं, आणि पानवेलला ‘सॉरी’ लिहिलं. चर्चा पुढे गेली.

सोमवारी दुपारी शाल्मलीने सगळ्यांचं बोलणं एकत्र करून एकच निरोप तयार केला. मांडवला कुठे अडेल, काय विचारावंसं वाटेल, त्याचा विचार करून उत्तरं आधीच त्यात घातली. फूल पहाटे-सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. त्या वेळी एकेका शंकेपायी चोवीस मिनिटं घालवून चालणार नव्हतं. निरोपाच्या सुरुवातीला तिने लिहिलं, ‘तुझ्या शनिवारच्या फुलांच्या प्रश्नाला हे उत्तर’, म्हणजे ते कधीही पोहोचलं तरी कशाबद्दल आहे हे कळावं.

संध्याकाळी सहा पन्नासला मांडव आली.

“वेलवालीताई, तुमच्या काल १२:०५ च्या निरोपाला हे उत्तर. मी रागावले नव्हते. मला वाटलं, माझ्यामुळे तुमची चर्चा बिघडते, तर आपण फक्त वाचावं. आईला आणि कट्टा चालवणाऱ्यांना विचारून सांगते, मी मंगळावर राहते. माझं नाव नीरजा, मी नऊ वर्षांची आहे. आधी सांगितलं नाही, कारण मागे एका कट्ट्यावर सांगितलं तर सगळे मंगळाचंच विचारत राहिले, माझ्या वेलाचं कुणीच विचारलं नाही. संगणकाला विचारलं असतं तर त्याने सगळं सांगितलं असतं. पण इथे आम्ही चारच मुलं आहोत आणि बाकी तिघांना मराठी येत नाही. मला वेलाबद्दल मुलांशी बोलायचं होतं. तुमचा सगळा निरोप वाचला. उद्या सकाळी एक मादीफूल उमलेल आणि दोन नर. एवढीच राहिली आहेत. महिना संपायच्या आत फळ धरलं नाही तर कुंडी बटाट्यांना द्यायची आहे.”

थोड्या वेळाने कट्ट्यावर एक नवी चर्चा उघडलेली शाल्मलीला दिसली. ती दोडकेरावाने उघडली होती. तिचं नाव होतं, ‘मंगळाबद्दलचे प्रश्न, नीरजाला सवड असेल तेव्हाच’. भोपळ्याच्या चर्चेत त्याने फक्त लिहिलं, “नरफूल दांड्याला धर, भुकटी सांडू देऊ नकोस.”

नीरजाची सकाळ म्हणजे आपल्याकडे मंगळवारी सकाळी सव्वादहा, असा हिशेब नलूआजीने करून दिला. दहा वाजल्यापासून शाल्मली तिच्याकडे येऊन बसली होती. दहा वाजून एकोणचाळीस मिनिटांनी एकच शब्द आला, “टेकवलं.” म्हणजे ते होऊनही बारा मिनिटं उलटली होती. इतक्या लांबून दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. वाट पाहायची होती.

वाट पाहताना शाल्मलीने आपली वही पुन्हा उघडली. तक्रारीची पानं तिने फाडली नाहीत. त्यातल्या वेळा खऱ्याच होत्या. फक्त वरचं ‘मांडवविरुद्ध पुरावा’ हे शीर्षक खोडलं. मग तिने जुन्या चर्चा चाळल्या. गेल्या काही महिन्यांत आपण आणखी कुणाकुणाला असं तोडून बोललो, ते तिने शोधलं. तिघं जण सापडले. तिघंही नंतर फिरकले नव्हते. ते कुठे राहत होते, कोण होते, त्यांचं उत्तर उशिरा का येत होतं, हे तिला कधीच कळणार नव्हतं. तिने तिघांनाही एकेक निरोप लिहिला. दोघांचं काहीच आलं नाही. तिसऱ्याने तीन दिवसांनी लिहिलं की त्याचा हात मोडलेला होता, म्हणून तो एका बोटाने लिहायचा, आणि कारल्याची चर्चा अजून चालू आहे का?

नीरजाचा छोटा भोपळा शुक्रवारी हिरवा होता. शनिवारीही हिरवाच होता. पुढच्या बुधवारी दुपारी तिने फोटो पाठवला. काचेपलीकडे तांबूस माती आणि फिकट आभाळ. अलीकडे एका लहान हाताच्या तळव्यावर टेकवलेला, लिंबापेक्षा थोडा मोठा, पट्ट्यापट्ट्यांचा हिरवा भोपळा. मंगळाचं आभाळ कट्ट्यावरच्या कित्येकांनी आपल्याच मैत्रिणीच्या खिडकीतून पहिल्यांदा पाहिलं असेल. पण खाली पहिला प्रश्न आला तो माळीबुवाचा, “देठ कडक झाला का? देठ कडक झाला म्हणजे फळ टिकलं.”

चोवीस मिनिटं त्या चर्चेत कुणी काहीच लिहिलं नाही. शाल्मलीने कुणाला थांबायला सांगितलं नव्हतं.

नलूआजी तिच्या शेजारी बसून सांगत होती की मंगळ आणि पृथ्वी सूर्याभोवती आपापल्या वेगाने फिरतात, त्यामुळे त्यांच्यातलं अंतर सारखं बदलतं. पुढच्या वर्षी मंगळ जवळ येईल तेव्हा निरोपाला चार-पाचच मिनिटं लागतील. मग पुन्हा तो लांब जाईल, पुन्हा जवळ येईल. शाल्मलीने विचारलं की मग लांब असेल तेव्हा काय करायचं. तेव्हा जास्त थांबायचं, असं नलूआजी म्हणाली.

उत्तर आलं.

“माळीबुवा, तुमच्या देठाच्या प्रश्नाला हे उत्तर. हो, कडक झालाय. कुंडी माझ्याकडेच राहणार आहे. आणखी एक विचारायचं आहे. इथल्या बाकीच्या तीन मुलांना पण कट्ट्यावर यायचं आहे. त्यांना मराठी येत नाही. मी त्यांना तीन शब्द शिकवलेत, वेल, फूल आणि भोपळा. ते खूप चुकतील आणि खूप उशिरा लिहितील. चालेल का?”

शाल्मलीने लिहिलं, “चालेल.”

तिच्याखाली दोडकेरावाने लिहिलं, “चालेल.” मग पानवेलने, मग माळीबुवाने, मग हात मोडलेल्या त्या मुलाने. एकामागून एक शब्द येत राहिले. नलूआजी चष्मा काढून पुसत होती. शाल्मली खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाहेर लख्ख दुपार होती, मंगळ दिसणं शक्यच नव्हतं. पण ते सगळे ‘चालेल’ एकमेकांच्या मागोमाग, सारख्याच वेगाने, तिकडे निघाले होते.